कोपरा फाटलेलं कार्ड

मी एक जुनी तार आहे. तार म्हटलं की तुमच्या आजी-आजोबांच्या पोटात गोळा येईल, कारण त्यांच्या काळी पोस्टातून येणारी तार म्हणजे बहुतेक वाईट बातमीच असायची. मी ती नव्हे. मी साधी लोखंडाची तार. हातभर लांब, वरचं टोक धारदार आणि गळासारखं वाकवलेलं, खाली लाकडाची एक चकती. घरात आलेलं पत्र सगळ्यांचं वाचून झालं की ते माझ्या टोकात टोचायचं आणि खाली सरकवायचं. मग मला परत खिळ्याला अडकवायचं. सांगण्यासारखं काम एवढंच, पण ते मी पन्नासएक वर्षं केलं आणि आता खरं सांगायचं तर फार दमले आहे.

माझा जन्म पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारागिराकडे झाला. बादलीची कडी करून उरलेला तुकडा मी. त्याने पकडीत धरून मला वाकवलं, टोक कानशीने घासलं आणि कोपऱ्यात टाकून दिलं. त्याचं गजराचं घड्याळ बंद पडलं होतं, ते आमच्या काकांनी दुरुस्त करून दिलं आणि त्या बदल्यात मला उचललं. काका म्हणजे घड्याळवाले काका. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. त्यांनी घरी आणल्यावर भिंग डोळ्याला लावून माझं टोक पुन्हा एकदा घासलं. एवढ्या बारीक कामाची मला काही गरज नव्हती, पण त्यांना राहवलं नसावं. नंतर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळा ठोकून टांगलं. तिथून मला उंबरा दिसायचा, खिडकी दिसायची आणि चुलीपुढे बसलेल्या काकू दिसायच्या.

मित्रांनो, त्या घरात पत्र येणं म्हणजे काय असायचं ते तुम्हाला सांगायला हवं. पोस्टमन सायकलची घंटा वाजवून दारात उभा राहायचा आणि कार्ड देता देताच आतला मजकूर सांगून टाकायचा, कारण वाटेत त्याने ते वाचलेलं असायचं. कोणाला त्याचा राग यायचा नाही. मग काकू हात पदराला पुसून कार्ड घ्यायच्या. संध्याकाळी काका दुकानातून आले की ते पुन्हा मोठ्याने वाचलं जायचं. पत्रात बातमी असायची दोन ओळींची, पण तिच्या आधी थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आत्याची कंबर, शेजाऱ्यांच्या मुलीचा अभ्यास असं सगळ्यांना विचारून झाल्याशिवाय कोणी मुद्द्यावर यायचं नाही. ज्याचं नाव पत्रात राहिलं तो दोन दिवस फुगून बसायचा. मी प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक पाडायचे, त्यामुळे प्रत्येकातला एखादा शब्द माझ्या पोटात गेला आहे. बरेचदा तो ‘नमस्कार’च असायचा.

माझ्या अंगावर सर्वांत जास्त कार्डं होती ती मामांची. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. महिन्याला एक कार्ड, चुकायचं नाही. अक्षर असं दाट की कडेला मुंगीला चालायला जागा उरायची नाही. काकू त्यांची कार्डं स्वतःच टोचायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. कोणी गेलं की ते कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडायचे. असं कार्ड हातात आलं की वाचणाऱ्याला आधीच कळायचं, तो खाली बसायचा, कोणालातरी हाक मारायचा आणि मग वाचायचा. वाचून झालं की कार्ड फाडून घराबाहेर टाकायचे. ते माझ्यापर्यंत कधी यायचं नाही. रीत वाईट नव्हती. आता तुमच्या फोनवर कोणी गेल्याची बातमी आणि कोणाच्या तरी जेवणाच्या ताटाचा फोटो एकाखाली एक येतात, माणूस उभ्या उभ्या दोन्ही वाचतो आणि अंगठ्याने पुढे सरकतो. त्यापेक्षा तो फाटलेला कोपरा मला बरा वाटतो.

पण त्याच कोपऱ्याने या घराचा घात केला.

घरात दोन मुलं होती, ताई आणि धाकटा. धाकटा आज चाळिशीला आला, कानावरचे केस पांढरे झाले, तरी या घरात तो धाकटाच. ताई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला पोस्टाची तिकिटं जमवायचं वेड लागलं होतं. त्या साली कार्डाचे दर वाढले होते. मामांकडे जुनी कार्डं शिल्लक होती, म्हणून त्यांनी छापील तिकिटाशेजारी आणखी एक तिकीट चिकटवलं. त्यावर निळ्या पंखांचा पक्षी होता. ते कार्ड आलं त्या दुपारी पोस्टमन नेहमीचा नव्हता, बदलीवरचा होता. त्याने काही न बोलता कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि गेला. ताईने पक्षी पाहिला. पाण्यात भिजवून तिकीट काढायचं असतं हे तिला ठाऊक होतं, पण तेवढा धीर कुठला. तिने तो कोपराच फाडून घेतला, कार्ड होतं तिथे ठेवलं आणि तिकीट मुठीत घेऊन खेळायला पळाली. हे मी पाहिलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

काकू नळावरून आल्या, कळशी खाली ठेवली आणि कार्ड उचललं. भावाचं अक्षर आणि कोपरा फाटलेला. त्यांचे वडील महिनाभर अंथरुणावर होते. काकू तिथेच बसून रडू लागल्या. पुढचं एक अक्षर त्यांना वाचवलं नाही. रडणं ऐकून शेजारीण धावत आली, आणि ती बाई म्हणजे रीतीभातीला एकदम पक्की. तिने काकूंच्या हातातून कार्ड ओढून घेतलं, असलं घरात एक क्षणही ठेवू नये म्हणाली, चार तुकडे केले आणि बाहेर गटारात टाकून आली. तिनेही वाचलं नाही. अर्ध्या तासात काकू पिशवीत दोन लुगडी कोंबून माहेरच्या गाडीत बसल्या होत्या. मुलांना शेजारणीकडे ठेवलं होतं.

तिकडे काय झालं ते काकूंनी परत आल्यावर काकांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. काकू दारातूनच हंबरडा फोडत आत शिरल्या, तर वडील खांद्यावर पंचा टाकून समोर उभे. आधीपेक्षा बरे दिसत होते. आणि आतल्या खोलीत काकूंची वहिनी बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेलं पहिलं मूल. तेच कळवायला मामांनी कार्ड टाकलं होतं. बाळाच्या पहिल्या आठवड्यात घरची मुलगी दारातून रडत आली, वडिलांच्या नावाने. वहिनीने ते आतून ऐकलं आणि तिने बाळाला पोटाशी घट्ट धरलं.

मामांनी कार्ड मागितलं. ते नव्हतं. कोपरा फाटला होता, काकू पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मी माझ्या हाताने सबंध कार्ड पेटीत टाकलं, मामा म्हणाले, म्हणजे माझ्या लेकराच्या जन्माच्या कार्डाचा कोपरा मी फाडला असं म्हणतेस का? बाळाला त्याच आठवड्यात ताप आला. तो चार दिवसांत उतरला, पण वहिनीच्या मनातून उतरला नाही. मामांनी बहिणीला गाडीत बसवून दिलं आणि पुन्हा इथे येऊ नकोस असं सांगितलं.

त्यानंतर मामांचं कार्ड आलं नाही. काकू पत्रं टाकत राहिल्या, वर्षभर, दीड वर्ष. उत्तर नाही. दोन वर्षांनी वडील खरोखर गेले, तेव्हा एक कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. अक्षर परक्याचं होतं. काकू ते हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना रडूच येईना, कारण विश्वास ठेवावा की नाही हे कळेना. शेवटी काका आले, त्यांनी वाचलं आणि मान हलवली. काकू माहेरी गेल्या, मागच्या ओळीत बसल्या आणि परत आल्या. भाऊ बोलला का, असं काकांनी विचारलं, तर त्या कळशी उचलून नळावर गेल्या.

आणि ताई? ताईने सगळं पाहिलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. सांगायला ती दोनदा आईजवळ गेली आणि पाणी पिऊन परत आली. मग दिवस गेले, मग वर्षं गेली, आणि न सांगितलेली गोष्ट जितकी जुनी होते तितकी सांगायला जड जाते. एवढ्या मोठ्या जगात ही गोष्ट मला आणि ताईला, दोघींनाच ठाऊक आहे, असं मी समजत होते.

हळूहळू माझ्याकडे येणारी पत्रं कमी झाली. गल्लीत फोन आले, मग घरात फोन आला, मग प्रत्येकाच्या खिशात. काका गेले. त्यांचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. धाकट्याचं लग्न झालं, सूनबाई आली. ती चांगली मुलगी आहे, सकाळी सातला घर सोडते आणि संध्याकाळी सातला येते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिच्या मैत्रिणींची घरं परदेशी मासिकातल्यासारखी पांढरीशुभ्र आहेत आणि तिला तसंच घर हवं होतं. तिच्या घरी येणारा प्रत्येक पुरुष ‘अंकल’ आणि प्रत्येक बाई ‘आंटी’. मामा, काका, आत्या, मावशी सगळे एकाच पोत्यात. मी गंजत गेले. कधी कोणी विजेचा कागद टोचायचं, कधी औषधाची चिठ्ठी, आणि शेवटी तेही नाही. धूळ पुसताना मला कोणीतरी हलवायचं, एवढाच माझा व्यायाम.

या वर्षी घराचं काम काढलं. भिंत सपाट आणि मोकळी हवी, तेव्हा खिळेही जाणार आणि मीही. धाकटा म्हणाला, पत्रांचे फोटो काढून ठेवू आणि कागद रद्दीत देऊ, म्हणजे राहिलंही आणि अडगळही गेली. वाईट हेतू नव्हता त्याचा. ताई दुसऱ्या शहरातून आठवडाभर मदतीला आली होती, तिच्याकडे हे काम दिलं. तिने मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि वरून एकेक पत्र सोडवून फोटो काढू लागली. काकू शेजारी बसून जुने डबे पुसत होत्या.

वरची पत्रं भराभर गेली. खाली खाली जाताना एका जागी मामांची कार्डं लागली. त्या जागेच्या वर त्यांचं एकही नाही, खाली दर महिन्याला एक. ताईचा हात थांबला. फोन तिने बाजूला ठेवला. मग ती एकदम म्हणाली, “आई, त्या कार्डाचा कोपरा मी फाडला होता. तिकिटासाठी.”

काकूंनी हातातला डबा पुसून पुरा केला. झाकण लावलं.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “चार महिन्यांनी तुझं दप्तर शिवायला घेतलं होतं. आतल्या कप्प्यात ते तिकीट होतं, मागे दादाच्या अक्षरात दोन शब्द.”

ताई आईकडे बघतच राहिली. मीही. चौतीस वर्षं मी त्या दारापाशी टांगलेली, आणि मला पत्ता नाही.

“मग तू मामाला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तुझं नाव सांगू? आजोळी पाऊल टाकलं असतंस की जो तो तेच उकरून काढत बसला असता. ही ती, हिच्यामुळे. नऊ वर्षांची होतीस तू.” काकूंनी दुसरा डबा ओढला. “त्याचा राग मला झेपत होता. तुला झेपला नसता.”

ताई रडली. काकू रडल्या नाहीत. त्यांचं रडून झालेलं असावं, किंवा त्या दमल्या असाव्यात. मला त्यांचा थकवा कळतो.

मामाचा नंबर शोधून आत्ता फोन करते आणि सॉरी म्हणते, असं सांगत ताईने डोळे पुसून फोन उचलला. काकूंनी तो खाली ठेवायला लावला. दादाला आता ऐकू येत नाही, असं दोन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी कळलं होतं. त्यानंतर काहीच कळलं नव्हतं, कारण नात्यातले सांगणारेही एकेक करून गेले किंवा पांगले. शिवाय चौतीस वर्षांचं काम एका सॉरीत उरकायचं का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा कार्ड लिहायचं ठरलं.

संध्याकाळी सूनबाई येताना पोस्टातून कार्ड घेऊन आली. खिडकीतल्या माणसाने खाली वाकून कुठल्याशा खणातून ते काढलं आणि तिच्याकडे निरखून पाहिलं, असं ती सांगत होती. ताई पेन घेऊन बसली आणि ‘प्रिय मामा’ लिहून अडली. काकू म्हणाल्या की प्रिय आपल्या बरोबरीच्याला लिहितात. मग काय लिहितात, हे दोन पदव्या घेतलेल्या ताईला आठवेना. तेव्हा सगळ्यांनी माझ्यावरची पत्रं काढली आणि जमिनीवर पसरली. धाकटाही येऊन बसला. तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार. त्याच्यापुढे क्षेमकुशल. त्याच्यापुढे मामींना नमस्कार. इतक्या वर्षांनी माझ्या पत्रांचा कोणाला तरी उपयोग होत होता, आणि मला लाज वाटेल इतका आनंद झाला.

चूक सांगायची आहे तर त्याआधी एवढं सगळं कशाला, असं सूनबाईने विचारलं. तिने खरंच कळावं म्हणून विचारलं होतं.

काकू म्हणाल्या, “अगं, एखाद्याच्या घरी गेलो की दारातच मुद्दा सांगतो का आपण? चपला काढतो, बसतो, पाणी पितो. तसंच आहे हे.”

ताईने सबंध कार्ड भरून लिहिलं. शेवटी कडेलासुद्धा लिहिलं, मामांसारखंच. धाकट्याने ते पेटीत टाकलं.

दिवस गेले. ताई आपल्या घरी परतली. भिंतीवर पांढरा रंग चढला. मला, एका फुटक्या आरशाला आणि दांडे तुटलेल्या दोन चाळण्यांना एका खोक्यात ठेवलं. खोक्यावर ‘टाकायचे’ असं लिहिलं होतं. पत्रांचा गठ्ठा दोरीने बांधून शेजारी ठेवला होता. काकू रोज दुपारी खिडकीत बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, उजेड चांगला आहे म्हणून बसले.

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. ताईच्या नावाचं, पण या पत्त्यावर. काकूंचा चष्मा सापडेना, आणि सुट्टी होती म्हणून सूनबाई घरी होती. तिने वाचलं. अक्षर थरथरलेलं होतं, त्यामुळे ती अडखळत होती.

“चिरंजीव ताईस अनेक आशीर्वाद. पत्र पावले. दोनदा वाचले. तू लहान होतीस, तुझा दोष नाही. मी लहान नव्हतो. तुझी मामी गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटचे दोन महिने रोज म्हणत होती, वन्संना एक कार्ड टाका. मी उद्या टाकतो म्हणत राहिलो. ती गेल्यावर तर कोणत्या तोंडाने टाकणार होतो. तुझ्या आईस सांगावे, यायचे असेल तर यावे. मला ऐकू येत नाही, म्हणून कडी वाजवीत बसू नये, सरळ आत यावे. सूनबाईस व धाकट्यास आशीर्वाद.”

स्वतःचं नाव पत्रात आहे हे पाहून सूनबाई गडबडली. तिने मामांना कधी पाहिलंही नव्हतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. वन्सं, असं त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं. त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने सूनबाईने विचारलं, “आई, असलं पत्र घरात ठेवत नाहीत ना? तुम्हीच सांगत होतात. फाडून बाहेर टाकू का?”

“नको,” काकू म्हणाल्या. “फाडणं खूप झालं या घरात.”

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून खोक्यापाशी बसल्या आणि चाळण्यांखालून मला ओढून काढलं. माझं टोक गंजलं होतं, ते त्यांनी पदराने पुसलं. मग मामांचं कार्ड त्यात घातलं आणि खाली चकतीपर्यंत सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने त्या भावाकडे गेल्या. सूनबाई त्यांच्यासोबत गेली, आणि निघण्याआधी तिने धाकट्याला पांढऱ्या भिंतीत एक खिळा ठोकायला सांगितलं.

मित्रांनो, मी आता त्या खिळ्याला आहे. मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी लोखंड आहे, अजून पाच-दहा वर्षं गंजत काढीन. तुमचे फोनही वाईट नाहीत, पांढऱ्या भिंतीही वाईट नाहीत. पण कोणाला काही सांगायचं राहिलं असेल तर ते उद्यावर ढकलू नका, नाहीतर ऐकणाऱ्यांपैकी एक जण कमी झालेला असतो. आणि सुरुवात कशी करायची ते ठाऊक नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना ते सगळं येत असतं, आणि कोणी विचारत नाही म्हणून ती गप्प बसलेली असतात.